लुपस असलेल्या तरुण बाईच्या छातीत जड वाटतं, ते हृदयाचं असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की बहीण ३१ वर्षांची आहे, सहा वर्षांपासून लुपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. महिनाभर जिना चढताना छातीत जड होतं, थांबलं की बरं वाटतं. जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या आणि या वयात हृदयाचं काही नसतं असं सांगितलं. लुपसमुळे इतक्या लवकर हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात का, हा तुमचा प्रश्न.

होतात. चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं जडपण पित्त म्हणून सोडून देऊ नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, आधी एक-दोन दिवसांत तिला हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. बसल्या जागी तसं व्हायला लागलं, घाम फुटला किंवा धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.

मी डॉक्टर नाही. मला लुपस असल्याचं कळून १४ वर्षं झाली आणि छत्तिसाव्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसला. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. आधी जबडा ठणकायला लागला, दाढ दुखते तसा. मग डावा खांदा भरून आला. छातीत कळ वगैरे आलीच नाही, फक्त कुणी पाटा ठेवल्यासारखं ओझं आणि मळमळ. सासूबाईंनी ओवा दिला. अर्ध्या तासाने नवरा मला गाडीवर बसवून एका हॉस्पिटलात घेऊन गेला, तेव्हा माझ्या मनगटाला अजून पीठ होतं. तिथे विचारलं, "वय काय? बीपी, शुगर आहे का?" मी म्हटलं, नाही. "टेन्शन घेता का?" पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. आणि मला लुपस आहे हे मी सांगितलं नाही, कारण तो सांध्यांचा आणि त्वचेचा आजार, त्याचा इथे काय संबंध, असंच मला वाटत होतं. रात्रभर उशीला टेकून बसून काढली. सकाळी दुसरीकडे गेलो, तिथे ईसीजीत बदल दिसले, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं निघालं. मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली. पडद्यावर माझीच रक्तवाहिनी दिसत होती आणि वेणीला रबर घट्ट बांधल्यावर जशी कंबर पडते तशी मध्येच आवळलेली होती.

नंतर कळलं की ही गोष्ट काही नवी नाही. १९७६ साली टोरांटोच्या डॉ. मरे युरोविट्झ यांनी लिहून ठेवलंय की लुपसच्या रुग्णांचे मृत्यू दोन टप्प्यांत होतात. सुरुवातीच्या काळात आजाराच्या जोराने आणि जंतुसंसर्गाने, आणि बऱ्याच वर्षांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने. १९९७ साली पिट्सबर्गच्या अभ्यासात दिसलं की लुपस असलेल्या ३५ ते ४४ वयाच्या बायकांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पटींहून जास्त होतं. हा आकडा बहिणीला सांगून घाबरवू नका. त्या वयात निरोगी बायकांना अटॅक फारच क्वचित येतो, म्हणून पट एवढी मोठी दिसते. लुपसच्या बहुतेक बायकांना त्या वयात अटॅक येत नाही. पण "या वयात नसतं" हे वाक्य लुपस असलेल्या बाईला लागू नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. २००३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या अभ्यासात स्कॅन करून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम बघितलं, तर लुपसच्या ६५ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांत ते सापडलं आणि लुपस नसलेल्या ६९ जणांपैकी फक्त ९ टक्क्यांत.

कारण एकच नाही. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते, त्यात रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. ते अस्तर दुरुस्त करणाऱ्या पेशीही कमी पडतात. ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो तेसुद्धा लुपसमध्ये राखण करायचं सोडून सुजेत भर घालू शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल बरं दिसलं तरी निर्धास्त होता येत नाही. त्यात स्टिरॉइडमुळे वजन, साखर आणि बीपी वाढतं, आणि किडनीला लुपस लागला असेल तर बीपी आणखी. काही जणींच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतात, त्यांच्यात रक्तवाहिनी आतून साफ असूनही गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. क्वचित हृदयाच्या रक्तवाहिनीलाच लुपसची सूज येते, आणि तेव्हा उपचाराची दिशाच बदलते. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या संधिवाततज्ज्ञांशी बोलायलाच हवं.

आणखी एक. अँजिओग्राफी नॉर्मल आली तरी तिचं दुखणं खोटं आहे असं कुणाला म्हणू देऊ नका. केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड त्यात दिसत नाही आणि लुपसमध्ये तो असतो.

छातीत दुखण्याचं लुपसमधलं जास्त नेहमीचं कारण म्हणजे हृदयाच्या आवरणाची सूज. ते दुखणं टोचल्यासारखं असतं, आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं. तुमच्या बहिणीचं वर्णन तसं वाटत नाही. तरी हा फरक घरी बसून करू नका. ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) मिळून तो होतो.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चूक तिथेच होते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही लुपसची नेहमीची गोळी ती घेत असेलच. "बरं वाटतंय, उष्ण पडते" म्हणून ती गोळी बंद केलेल्या कितीतरी जणी मला ओपीडीबाहेरच्या बाकावर भेटल्या आहेत, आणि दर वेळी जीव तुटतो. ती गोळी लुपस दाबते, शिवाय कोलेस्टेरॉल आणि गुठळ्या या दोन्ही बाबतींत तिचा उपयोग होतो. डोळ्यांची भीती असते, म्हणून डोस वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम धरतात. सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. तिला सहावं वर्ष आहे, म्हणजे तपासणीची वेळ झालीच आहे. स्टिरॉइड मात्र लागेल तेवढंच. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली सांगितलं की प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा रोजचा डोस ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावा आणि जमेल तेव्हा बंद करावा. तो डॉक्टरांनी हळूहळू उतरवायचा. हे वाचून एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल.

सांध्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ती वरचेवर घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी हृदयाला आणि किडनीला त्रास होतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) किंवा ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका, विशेषतः तिला मूल हवं असेल तर. घरात बीपीचं मशीन ठेवा. मी वहीत लिहिते, १३० बाय ८० च्या खाली राहायला बघते. आणि घरात कुणी ओढत असेल तर ते बंद झालं पाहिजे. ती दाताला मशेरी लावत असेल तर तीही. मशेरी म्हणजे तंबाखूच, पण विचारल्यावर बायका ती सांगत नाहीत.

माझ्या मोबाइलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलंय: मला लुपस आहे, हृदयात स्टेंट आहे, छातीत दुखलं तर आधी ईसीजी काढा. खाली गोळ्यांची नावं. बहिणीसाठीही अशी एक करा. तिच्या जुन्या फायलीत लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन हे तीन रिपोर्ट आहेत का बघा, वर सांगितलेल्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी त्यातून कळतात. नसतील तर या वेळी करायला सांगा. एखादा पॉझिटिव्ह आला तर तो किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, तोपर्यंत निदान पक्कं धरत नाहीत. तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. काय म्हणाले ते इथे कळवलंत तर माझाही जीव भांड्यात पडेल.