शक्यता आहे, पण किती?

प्रश्न : मी गोरेगावला राहते आणि घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करते. 'पॉसिबल', 'प्रॉबेबल', 'लाइकली' आणि 'प्लॉझिबल' हे शब्द एकाच मजकुरात आले, की माझ्या हातून प्रत्येक ठिकाणी 'शक्यता आहे' असेच उतरते. शब्दकोशात 'शक्य', 'संभाव्य', 'संभवनीय' असे पर्याय दिलेले असतात, पण त्यांनी काम भागत नाही. या शब्दांची काही चढती भाजणी आहे का, आणि असल्यास कोणता शब्द किती टक्क्यांचा धरावा?

उत्तर : भाजणी निश्चित आहे, आणि ती सांभाळणे हे भाषांतरकाराचे कर्तव्यच आहे. टक्क्यांचे उत्तर मात्र तो शब्द कोण वापरत आहे यावर अवलंबून राहते.

'पॉसिबल' हा सर्वांत खालची पायरी सांगणारा शब्द. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'करू शकणे' असा आहे. गोष्ट घडण्याला आडकाठी नाही, एवढेच हा शब्द सांगतो; ती घडेल की नाही याविषयी तो काहीही बोलत नाही. सोडतीचे एकच तिकीट घेणाऱ्यालाही पहिले बक्षीस लागणे 'पॉसिबल' असते. 'प्रॉबेबल'चे मूळ 'पारखणे, कसाला लावणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, आणि म्हणून या शब्दामागे काहीतरी पुरावा, काहीतरी कारण गृहीत धरलेले असते. घडण्याचे पारडे न घडण्याच्या पारड्यापेक्षा जड आहे, असा त्याचा अर्थ. 'लाइकली'चे वजन बहुतेक संदर्भांत 'प्रॉबेबल'एवढेच असते, पण दोघांचे व्याकरण वेगळे आहे. 'ती येण्याचा संभव अधिक आहे' हे सांगताना इंग्रजीत 'शी इज लाइकली टू कम' असे म्हणता येते; 'शी इज प्रॉबेबल टू कम' हे वाक्य अशुद्ध ठरते.

'प्लॉझिबल' या रांगेत उभाच राहत नाही, आणि माझ्या मते भाषांतरात सर्वाधिक अन्याय याच शब्दावर होतो. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ टाळ्या वाजवणे असा आहे. जे ऐकून माना डोलतील ते 'प्लॉझिबल'. तो घटनेची शक्यता मोजत नसून एखादे स्पष्टीकरण मनाला पटण्याजोगे आहे की नाही हे सांगतो. पटण्याजोगी गोष्ट साफ खोटी असू शकते, आणि खरी गोष्ट ऐकताना मुळीच न पटणारी असू शकते. तेव्हा तेथे 'शक्यता' हा शब्द न आणता 'पटण्याजोगे' किंवा 'सयुक्तिक' असेच लिहावे.

शब्दकोशातील 'संभाव्य' हा शब्द 'प्रॉबेबल'साठी आता मला जपून वापरावासा वाटतो, कारण 'संभाव्य उमेदवारांची यादी' यांसारख्या प्रयोगांमुळे त्याला केवळ 'होऊ शकेल असा' एवढा फिका अर्थ आला आहे. वीस जणांच्या यादीतला प्रत्येक जण संभाव्य उमेदवार असतो. त्यातला प्रत्येक जण निवडला जाणे 'प्रॉबेबल' नसते.

हा फरक केवळ वैयाकरणांच्या हौसेचा आहे असे कोणी समजू नये. १८६०च्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवध आणि खून यांना वेगळे करणारी कलमे २९९ आणि ३०० ही होती, आणि नव्या न्याय संहितेत ती १०० आणि १०१ झाली आहेत. पहिल्या कलमात ज्या दुखापतीने मृत्यू येणे 'लाइकली' आहे तिचा उल्लेख आहे, तर दुसऱ्यात निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशा असलेल्या दुखापतीचा. १९७६ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंमधील सीमारेषा अगदी याच शब्दांनी आखली : 'लाइकली' म्हणजे नुसते 'पॉसिबल' नव्हे, तर 'प्रॉबेबल', आणि पुरेशी दुखापत म्हणजे जिच्यातून मृत्यू हाच 'मोस्ट प्रॉबेबल' परिणाम ठरतो ती. अशा मजकुरात तिन्ही ठिकाणी 'शक्यता आहे' असे लिहिले, तर खून आणि सदोष मनुष्यवध यांतला भेदच पुसला जाईल.

आता टक्क्यांविषयी. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी, त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानावी, असा अहवाल दिला. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने शर्मन केंट या विश्लेषकाला या शब्दांचा नेमका अर्थ विचारला, तेव्हा केंटने आपल्या मते हल्ल्याच्या बाजूने ६५ आणि विरुद्ध ३५ असे प्रमाण असल्याचे सांगितले. विचारणाऱ्याला धक्काच बसला, कारण त्याने फार कमी धोका गृहीत धरला होता. मग केंटने अहवाल तयार करणाऱ्या स्वतःच्या सहकाऱ्यांना तोच प्रश्न विचारला. ज्यांनी एकत्र बसून, एकमताने ते शब्द मान्य केले होते, त्यांची उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. हल्ला प्रत्यक्षात झाला नाही. परंतु केंटच्या मनातून ती गोष्ट गेली नाही, आणि १९६४ मध्ये त्याने एका लेखात आपली मोजपट्टी मांडली : 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे सुमारे ९३ टक्के, 'प्रॉबेबल' म्हणजे सुमारे ७५, 'चान्सेस अबाउट ईव्हन' म्हणजे ५०च्या आसपास, 'प्रॉबेबली नॉट' म्हणजे सुमारे ३०, आणि 'ऑलमोस्ट सर्टनली नॉट' म्हणजे सुमारे ७. 'पॉसिबल'ला त्याने कोणताही आकडा दिला नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीची मोजपट्टी वेगळी आहे. तिच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९०हून अधिक आणि 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे ९५हून अधिक. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या तापमानवाढीला मुख्यतः माणूस कारण आहे, हे विधान तिने २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली' आणि २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली' या शब्दांत केले. २०२१च्या अहवालात तर माणसामुळे पृथ्वी तापली याविषयी शंकेला जागाच ठेवली नाही. एवढा मोठा प्रवास एका क्रियाविशेषणाच्या बदलातून सांगितलेला आहे. तो मराठीत आणताना भाषांतरकाराने तीनही वेळा 'दाट शक्यता' लिहिले, तर वाचकाला मधल्या वर्षांत काहीच घडले नाही असे वाटेल.

एक गोष्ट आपल्याला विशेष आग्रहाने सांगतो. इंग्रजीचे हे काम बरेचसे सुट्या शब्दांवर चालते, तर मराठीत ते क्रियापदच करते. दादरच्या फलाटावर आपण धावत पोहोचलो आहोत, इंडिकेटर बंद आहे आणि फलाट नुकताच रिकामा झाल्यासारखा दिसतो आहे, असे समजा. शेजारचा माणूस 'गाडी गेली असेल' म्हणाला, तर तो केवळ अंदाज बांधतो आहे. 'गाडी गेली असावी' म्हणाला, तर रिकामा फलाट पाहून त्याने तर्क केला आहे. 'गाडी गेली असणार' म्हणाला, तर त्याला जवळजवळ खात्री आहे, आणि आपणही जिन्याकडे वळायला हरकत नाही. याच्या जोडीला 'कदाचित', 'बहुधा', 'हमखास' ही अव्यये आणि 'अंधूक', 'दाट' ही विशेषणे आहेत. 'कदाचित'चा मूळ संस्कृत अर्थ 'कधीतरी एखाद्या वेळी' असा, आणि 'बहुधा'चा 'अनेक प्रकारांनी'; यावरूनच त्यांची वजने लक्षात यावीत. म्हणून 'पॉसिबल'साठी 'घडू शकेल', 'प्रॉबेबल' आणि 'लाइकली' यांच्यासाठी 'बहुधा घडेल' किंवा 'घडण्याचा संभव अधिक', आणि 'ऑलमोस्ट सर्टन'साठी 'जवळजवळ निश्चित', अशी योजना मी सुचवतो. मूळ लेखकाने शब्दांना आकडे नेमून दिले असतील, तर ते आकडे पहिल्या उल्लेखापाशीच मराठीत द्यावेत.

प्रश्न : पावसाळ्यात मोबाइलवर हवामान खात्याचा इंग्रजी इशारा येतो, की मुंबईत 'आयसोलेटेड' ठिकाणी 'हेवी टू व्हेरी हेवी' पाऊस 'व्हेरी लाइकली' आहे. मी लालबागला राहतो. मागच्या पावसाळ्यात असा इशारा आला त्या दिवशी आमच्याकडे रस्तासुद्धा नीट भिजला नाही. खाते चुकले असे म्हणावे काय?

उत्तर : एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण त्या एका वाक्यात तीन स्वतंत्र मोजमापे आहेत आणि आपण ती एकत्र वाचली आहेत.

'व्हेरी लाइकली' हे शक्यतेचे माप आहे. भारतीय हवामान खात्याच्या पत्रकांत 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे त्याहून अधिक. वर सांगितलेल्या आयपीसीसीच्या 'लाइकली'शी याची तुलना करून पाहावी; शब्द एकच असला, तरी एकाची जेथे कमाल मर्यादा संपते तेथून बऱ्याच वर दुसऱ्याची किमान मर्यादा सुरू होते. 'हेवी' आणि 'व्हेरी हेवी' ही पावसाच्या प्रमाणाची मापे आहेत : चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस पहिल्या वर्गात येतो आणि ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर दुसऱ्या. 'आयसोलेटेड', म्हणजे आपल्या मराठी पत्रकांतील 'तुरळक ठिकाणी', हे पसाऱ्याचे माप असून त्या भागातील जास्तीत जास्त एकचतुर्थांश पर्जन्यमापन केंद्रांवर तसा पाऊस होईल, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे अंदाज पूर्णपणे खरा ठरला, तरी बहुतेक केंद्रांवर तेवढा पाऊस नसणारच.

मुंबईकराला हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला १०० मिलिमीटरसुद्धा झाला नाही. खात्याविषयी माझी तक्रार एवढीच आहे, की मराठी वाचकापर्यंत पोहोचताना 'लाइकली', 'व्हेरी लाइकली' आणि 'मोस्ट लाइकली' या तिन्हींचे पुष्कळदा 'शक्यता आहे' असे एकच रूप होते, आणि ज्याच्यासाठी ती पायरी आखली त्यालाच ती दिसत नाही.

प्रश्न : मी मुलुंडला बारावीत शिकतो. 'उद्या पाऊस पडू शकतो' याचे 'इट कॅन रेन टुमॉरो' हे भाषांतर बाईंनी चूक दिले. का? तसेच 'मे' आणि 'माइट' यांत फरक आहे का?

उत्तर : बाईंचे बरोबर आहे. 'कॅन' एखाद्या गोष्टीचा सर्वसाधारण स्वभाव सांगतो. 'मे महिन्यात मुंबईत असह्य उकडू शकते' येथे 'कॅन' चालेल, पण उद्याच्या विशिष्ट पावसाविषयी बोलताना 'मे', 'माइट' किंवा 'कुड' हवे. नकारात मात्र 'कान्ट' चालतो, आणि त्याचा अर्थ 'शक्यच नाही' असा ठाम होतो. 'मे नॉट' म्हणजे 'कदाचित नसेल'.

'माइट' हा 'मे'पेक्षा किंचित अधिक साशंक मानला जातो, तरी आजच्या इंग्रजीत हा फरक फारसा पाळला जात नाही. खरा फरक भूतकाळात दिसतो. जुहूच्या समुद्रात शिरलेल्या मुलाबद्दल 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हटले, तर तो बुडाला असेल अशी भीती आहे आणि शोध चालू आहे. त्याला बाहेर काढल्यावर, तो आता किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसलेला असताना, 'ही माइट हॅव ड्राउन्ड' म्हणतात, म्हणजे तो बुडाला असता. आपल्या 'असेल' आणि 'असता' यांतले अंतर मनात ठेवले, तर येथे चूक होणार नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या मॅमोग्राफीच्या अहवालात 'प्रॉबेबली बिनाइन' असे लिहिले आहे आणि पुढे 'बायरॅड्स ३' असा शेरा आहे. 'प्रॉबेबली' म्हणजे बहुधा आणि 'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी. म्हणजे शंभरांतल्या वीस-पंचवीस जणींना कर्करोग निघत असणार, या विचाराने आम्हा दोघांना झोप नाही. (गिरगावातील एक वाचक)

उत्तर : आपले पत्र उशिरा हाती आले, तरी ते याच अंकात घेतले आहे.

रोजच्या इंग्रजीत 'प्रॉबेबली'चा आपण लावला तोच अर्थ होतो, पण येथे तो रोजचा शब्द नाही. स्तनांच्या चित्रणाचे अहवाल लिहिण्यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेली 'बायरॅड्स' ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते, आणि तिच्यातील तिसऱ्या वर्गाचे नावच 'प्रॉबेबली बिनाइन' असे आहे. या वर्गात कर्करोग असण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी धरलेली असते, म्हणजे शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव किंवा अधिक जणींची गाठ निरुपद्रवी असते. चौथा वर्ग संशयास्पद मानला जातो आणि त्यात तुकडा काढून तपासण्याचा सल्ला देतात. पाचव्यात ही शक्यता ९५ टक्क्यांहून कमी नसते.

आपल्या पत्नीच्या प्रकृतीविषयीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, आणि हा अहवाल घेऊन आपण त्यांना लवकर भेटावे. तिसऱ्या वर्गात साधारणपणे सहा महिन्यांनी पुन्हा चित्रण करून गाठीत बदल झाला आहे का हे पाहतात. ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, आणि त्या तपासणीला जाताना आताच्या फिल्म बरोबर न्याव्यात.