फुकट गेममध्ये मुलाच्या हातून नकळत पैसे कसे खर्च होतात? थांबवायचं कसं?

मुलाच्या धांदरटपणापेक्षा बटणांची मांडणी जास्त जबाबदार असते. ती मुद्दाम तशी केलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) ‘फोर्टनाइट’ या गेमवर हाच आरोप ठेवला: वस्तू नुसती बघताना शेजारचं बटण दाबलं गेलं, किंवा लोडिंग चालू असताना बोट लागलं, तरी खरेदी व्हायची. बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची गेममधली खातीच बंद केली जायची, हे तर फारच संतापजनक. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. आयफोनवर सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, मग ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’मध्ये इन-ॲप खरेदी (ॲपच्या आत होणारी खरेदी) बंद करा, पासकोड मुलाला कळू देऊ नका. मात्र खात्यात आधीच असलेलं गेममधलं चलन यामुळे अडत नाही, ते खर्च होऊ शकतं.