दोन भागीदार, एक डायनो: वेगळं होताना काय काय मिटवावं

प्रश्न : नागपूरला वाडीजवळ आम्हा दोघांचं परफॉर्मन्स गाड्यांचं वर्कशॉप आहे. इंजिनबांधणी मी बघतो, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग भागीदार बघतो. फर्म नोंदणीकृत आहे. त्याला आता फक्त ऑनलाइन ट्यूनिंग करायचंय, वर्कशॉप मी चालवणार. भांडण काही नाही. डायनो (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजायचं यंत्र), दोन लिफ्ट, सुट्या भागांचा साठा, बँकेचं कॅश क्रेडिट (गरजेनुसार उचलायच्या कर्जाचं) खातं आणि सहा अर्धवट गाड्या आहेत. मार्चअखेर वेगळं व्हायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात त्या सहा गाड्यांपासून करा. यंत्रांच्या किमतीवरून मित्र सहसा भांडत नाहीत. भांडण होतं ते चार महिन्यांनी एखादं इंजिन परत आलं की.

प्रत्येक गाडीचा एक कागद करा: किती अॅडव्हान्स आला, कोणते भाग मागवले, काय झालं, काय राहिलं, पुढे कोण करणार. उघडलेल्या इंजिनासाठी सिलिंडर आणि पिस्टनची मापं, बेअरिंगचा क्लिअरन्स (फट) आणि कोणता बोल्ट किती टॉर्कला (पिळाच्या जोराला) ओढलाय हे लिहा. नुसता हाताने लावलेला बोल्ट आणि पूर्ण ओढलेला बोल्ट वरून सारखेच दिसतात. ताणून बसवायचे, एकदाच वापरायचे हेड बोल्ट असतील तर ते एकदा ओढले गेलेत का, याची नोंद हवीच. जिथे नोंद नाही, ते इंजिन पुन्हा उघडून मोजा. त्याचा खर्च फर्मच्या खात्यातून करा, एकट्यावर टाकू नका.

मॅपचं, म्हणजे ईसीयूत भरलेल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यांचं, काम याहून नाजूक आहे, कारण ते सगळं भागीदाराच्या लॅपटॉपमध्ये आणि डोक्यात असतं. दर गाडीची मूळ फाइल, सध्याची फाइल, तारीख, पेट्रोलचा ऑक्टेन, इंजेक्टर, बूस्टचं (टर्बोच्या दाबाचं) लक्ष्य आणि लॉग (चाचणीतली नोंद) घेताना इनटेकच्या हवेचं तापमान इतकं लिहून घ्या. तापमान का, तर जानेवारीच्या सकाळी डायनोवर सुरेख निघालेली गाडी मे महिन्यात 45 अंशांत समृद्धीवर तासभर दामटली की इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) सुरू होतं. गरम हवेला इग्निशन मागे घेणारा (ठिणगी उशिरा पाडणारा) तक्ता थंडीतल्या लॉगमध्ये तपासलाच गेलेला नसतो. अशा गाड्यांची वेगळी यादी करा. त्या उन्हाळ्यात पुन्हा तपासायच्या कोणी आणि कोणत्या दराने, हेही आत्ताच ठरवा. ईसीयूला पासवर्ड टाकलेला असेल तर तो लेखी घ्या. ट्यूनिंग टूलचं खातं फर्मच्या नावावर आहे की त्याच्या, हे टूलच्या विक्रेत्याकडून लेखी कळवून घ्या. काही परवाने दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत.

आता पैसा. समजा यंत्रं 18 लाख, साठा 6 लाख, येणी 3 लाख, बँकेत 1 लाख, म्हणजे एकूण 28 लाख. कर्ज आणि देणी 9 लाख, ग्राहकांचे अॅडव्हान्स 3 लाख. अॅडव्हान्स ही कमाई नव्हे, देणं आहे. घाईत हेच चुकतं. उरले 16 लाख. तुमचं भांडवल 7 आणि त्याचं 5 लाख असेल तर ते 12 लाख आधी वेगळे काढा. राहिलेले 4 लाख करारातल्या नफ्याच्या प्रमाणात वाटा. निम्मे-निम्मे असतील तर तुमचे 9 लाख, त्याचे 7 लाख.

डायनोची किंमत खरेदीच्या बिलावरून धरू नका, भंगारासारखीही धरू नका. खड्डा, फाउंडेशन, थ्री-फेज जोडणी यांवर झालेला खर्च जागेलाच चिकटलेला असतो. विकायला काढलं तर त्याचं काही येत नाही. पण तुम्ही तिथेच वापरणार आहात, म्हणून दोन विक्रेत्यांकडून जुन्या मशीनचे भाव घ्या आणि त्यातून उचलणं-हलवणं वजा करू नका. आमच्या मते भागीदाराला हे न्याय्य आहे. साठ्यात मात्र कठोर व्हा: बाजारात आता न दिसणाऱ्या मॉडेलचे क्लच किट आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) शून्यावर आणा.

कायद्याची बाजू. दोघांच्या फर्ममधून एक बाहेर पडला की फर्म उरतच नाही, म्हणून निवृत्तीचा नव्हे, विसर्जनाचा लेख करा. वर्कशॉप पुढे तुमच्या एकट्याच्या मालकीचं होतं, पॅन बदलतो, म्हणून नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. क्रम महत्त्वाचा: आधी नवी नोंदणी, मग फॉर्म आयटीसी-02 ने शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) हलवणं, त्यानंतर जुनी रद्द. उलटं केलं तर क्रेडिट अडकतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरण जीएसटीआर-10 भरायचं. यंत्रं किंवा साठा भागीदाराच्या वाट्याला जात असेल तर 2021 च्या दुरुस्तीपासून फर्मवर आयकर लागू शकतो, त्यामुळे वाटप सहीआधी सीएला दाखवा.

जाहीर सूचना टाळू नका. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 72 नुसार नोंदणीकृत फर्मच्या विसर्जनाची सूचना निबंधकांकडे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या किमान एका वर्तमानपत्रात द्यावी लागते. तोवर कलम 45 प्रमाणे तुम्ही फर्मच्या नावे केलेल्या व्यवहाराची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. बँकेचंही तेच: कॅश क्रेडिटवरची त्याची वैयक्तिक हमी बँकेनं लेखी सोडेपर्यंत तो मोकळा होत नाही. जागा एमआयडीसीची असेल तर त्यांची परवानगी आधी काढा.

भागीदाराच्या रकमेतले दहा टक्के सहा महिने राखून ठेवा, परत येणाऱ्या गाड्यांसाठी. सुट्या भागांचा खर्च त्यातून करा आणि तुमच्या हिश्श्यातूनही तेवढीच रक्कम बाजूला काढा, नाहीतर ती एकट्यावरची शिक्षा होते.

प्रश्न : मी बाहेर पडणारा भागीदार आहे. नागपुरात स्वतःचं दुकान काढायची मनाई करारात घालू, असं माझा भागीदार म्हणतो. मान्य करावी का?

उत्तर : विसर्जनाच्या वेळी ठराविक मुदत किंवा ठराविक हद्द घालून अशी अट घालता येते, ती वाजवी असेल तर, कलम 54. 'विदर्भात कधीच नाही' असं लिहून देऊ नका. एक वर्ष, शहरापुरतं आणि फक्त इंजिनबांधणीपुरतं मान्य करायला हरकत नाही. ट्यूनिंगचं तुमचं पोट आहे, ते अटीबाहेर स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : ज्यांनी माझी गाडी ट्यून केली ते दोघे वेगळे झाले. मी काय मागावं?

उत्तर : मूळ फाइल, चालू फाइल, शेवटचा लॉग आणि ईसीयूचा पासवर्ड. इंटरकूलर किंवा इंजेक्टर बदललात तर जुनाच मॅप ठेवून गाडी पळवू नका. मिश्रण पातळ झालं की पिस्टन वितळतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला असेल तर तोही परत मागून घ्या, पीयूसीला लागेल.