वारा कुणीकडचा? उन्हाळ्याच्या तोंडावर वाचकांचे प्रश्न

रामटेकच्या वाटेवरचा पळस पेटला की माझ्याकडे हवामानाचे प्रश्न यायला लागतात. वसंत म्हणायला वसंत. नागपुरात तो कूलरला नवा वाळा लावेपर्यंत निघूनही जातो. या वेळचे प्रश्न शेतातले आहेत, विमानातले आहेत आणि चक्क समुद्रावरचेही आहेत.

काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. मृगाचा, म्हणजे पावसाळी बहराचा, थोडा माल अजून झाडावर आहे, आंबियाची, म्हणजे हिवाळी बहराची, फळं वाटाण्याएवढी झालीत. गारपिटीची खबर किती आधी मिळते?

दोन टप्प्यांत मिळते, आणि गल्लत इथंच होते. चार-पाच दिवस आधी कळतं ते एवढंच की विदर्भात वादळी पाऊस, गारा संभवतात. गार तुमच्या धुऱ्यावर पडेल की शेजाऱ्याच्या, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. गारांचा पट्टा कधीकधी इतका अरुंद असतो की एका शिवारात पांढरा सडा आणि नाल्यापलीकडे धूळही भिजलेली नाही. नेमकी जागा कळते ती ढग उभा राहिल्यावर, रडारवर. तेव्हा हाताशी फार तर दोन-तीन तास उरतात. हवामान खात्याचं ‘नाऊकास्ट’, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, त्यासाठीच असतं.

पण त्याच्याही आधी वारा बघा. मी गच्चीवरच्या काठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवली आहे. माझं निम्मं काम ती करते. मार्चमध्ये आपल्याकडचा नेहमीचा वारा वायव्येचा, कोरडा. तो फिरून आग्नेयेकडून यायला लागला, सकाळीच अंग चिकचिकायला लागलं, की बंगालच्या उपसागरातली वाफ इथवर पोचली असं समजा. त्याच वेळी वर पाच-सहा किलोमीटरवरून पश्चिमी विक्षोभाची (भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या वादळी पट्ट्याची) गार हवा सरकत असेल, तर खाली दमट-गरम आणि वर थंड-कोरडं अशी जोडी जमते आणि हवा उलथते. दुपार कलता कलता ढग बारा-चौदा किलोमीटर चढतो.

एकदा अंगणात पडलेली लिंबाएवढी गार मी सुरीनं कापली होती. आत कांद्यासारखे थर, एक दुधी, एक काचेसारखा. थेंब चटकन गोठले की हवा आत कोंडते आणि थर दुधी दिसतो. पाणी भरपूर असेल आणि सावकाश गोठलं तर तो नितळ होतो. गार ढगात कुठून कुठून फिरून आली, त्याचा हिशेब तिच्या पोटातच असतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात जी गारपीट झाली, तेव्हा ही जोडी पुन्हा पुन्हा जमत राहिली होती.

आता तुमच्यापुरतं. खात्याचा पिवळा इशारा (सावध राहा) आला की फवारणी थांबवा. नारिंगी (तयारीत राहा) आला की मृगाचा तयार माल उतरवा, कापलेला हरभरा ताडपत्रीखाली घ्या. उद्या भाव दोन रुपयांनी चढेल म्हणून थांबणाऱ्याला माझ्याकडे सल्ला नाही. आणि गडगडायला लागल्यावर माल झाकायला बागेत पळू नका. फोनवर ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. वीज जवळपास पडतेय का, ते त्यात कळतं.

गेल्या मे महिन्यात पारा ४४ वर होता, तरी ‘उष्णतेची लाट नाही’ असं सांगत होते. मोबाइल तर ४७ दाखवत होता. खरं कुणाचं मानायचं? (धरमपेठेतल्या एक शिक्षिका)

ताई, ‘लाट’ हा खात्याच्या भाषेत नुसता आकडा नाही, ती सरासरीपासूनची उडी आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. नागपूरची मेमधली सरासरीच बेचाळीसच्या पुढे. म्हणून मेमध्ये ४४ ला लाट नाही, आणि मार्चमध्ये, जेव्हा सरासरी छत्तीस-सदतीस असते, साडेएक्केचाळीसला आहे. दुसरी वाट सरळ आहे: ४५ गाठलं की लाट, ४७ गाठलं की तीव्र लाट, मग सरासरी काहीही असो. शास्त्राला हे ठीक आहे. पण दुपारी एकला शाळा सुटलेल्या पोराच्या डोक्याला सरासरी ठाऊक नसते, तेव्हा ४४ ला लाट नाही म्हणून बेफिकीर राहू नका.

मोबाइलचा आकडा बहुतेक वेळा गणितानं काढलेला अंदाज असतो. खरं मोजमाप सावलीतलं: झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या जागेत. यंत्रही चुकतं बरं का. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि गावभर फॉरवर्ड फिरले. सेन्सर बिघडला होता, असं नंतर खात्यानं सांगितलं. आपल्या शहराचा नोंदलेला उच्चांक ४७.९ आहे, मे २०१३ चा. तो पुरेसा नाही का?

मुलाकडे पुण्याला दुपारच्या विमानानं जाते. सोनेगाव विमानतळावरून वर चढताना पोटात गोळा येतो. धोका असतो का?

काकू, पट्टा बांधलेला असेल तर धोका नाही, त्रास आहे. तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, मेच्या दुपारी ते तीन-चार किलोमीटरपर्यंत जातात. विमानाला त्यातूनच चढायचं असतं. सकाळचं तिकीट काढा; आठ वाजता हीच हवा झोपलेली असते.

एक गंमत सांगतो. गरम हवा विरळ असते. ४५ अंशांना सोनेगावच्या धावपट्टीवरची हवा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. विमानतळ खरा तीनशे मीटरच्या आसपास, पण विमानाला वाटतं आपण चिखलदऱ्याच्याही वरून उडतोय. म्हणून धाव लांबते, कधी वजन कमी करावं लागतं. पायलटला खरी धास्ती लोटांची नसते, गडगडाटी ढगाखालून आदळून चहूकडे पसरणाऱ्या वाऱ्याची असते. उतरताना असा ढग धावपट्टीवर असेल तर ते घिरट्या घालतात, नाहीतर दुसरीकडे वळतात. उशीर झाला म्हणून हवाई सुंदरीवर ओरडू नका.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मालवणला जातोय. सिंधुदुर्गाची होडी, स्कूबा. समुद्र कसा असेल?

सकाळी बरा, दुपारनंतर खवळलेला, हा ढोबळ हिशेब. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. अंदाजात ‘लाटांची उंची दीड मीटर’ असं वाचलंत तर तो सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. मधूनच एखादी तीन मीटरची येऊ शकते. शिवाय दूर दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा वारा नसतानाही किनारा गाठतात. हैदराबादचं ‘इन्कॉइस’, समुद्राचे अंदाज देणारं सरकारी केंद्र, त्यांचा इशारा देतं.

मे हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही महिना. ‘तौक्ते’ २०२१ च्या मेमधलं, ‘निसर्ग’ आलं ३ जून २०२० ला, थेट अलिबागजवळ. तेव्हा तिकीट परत मिळेल असंच काढा, आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला असेल तर होडीवाल्याशी घासाघीस करू नका. तो नाही म्हणतो तेव्हा त्याचा दिवसाचा रोजगार बुडत असतो.

२० एप्रिलला मुलीचं लग्न आहे, लॉन बुक केलाय. पाऊस येईल का?

आज सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याला आहेर देऊ नका. १७ तारखेपासून अंदाज बघा, २० ला दुपारपासून नाऊकास्ट. डेकोरेशनवाल्याला सांगून ठेवा की वारा सुटला की आधी कनाती सोडायच्या. ताणलेल्या कनातीत वारा भरतो आणि सगळा मांडव उचलतो. जेवण पक्क्या छपराखाली ठेवा. मागं एका लग्नात नेमकं मंगलाष्टकांना वावधन, म्हणजे सोसाट्याचं वादळ, आलं होतं. अक्षता सगळ्या पंगतीत गेल्या आणि बँडवाला ढोल डोक्यावर घेऊन जनरेटरच्या खोलीत उभा होता.