नैतिक नियमावरून देवापर्यंत पोहोचता येते का?

आपण विचारले आहे की, देव न मानणारी माणसेही सचोटीने वागतात, मग नैतिक नियमाच्या आधारे देव आहे असे ख्रिस्ती लोक कसे म्हणतात, आणि हा खरोखर तर्क आहे की आधीच ठरलेल्या श्रद्धेला दिलेला टेकू. मी नाशिकच्या शरणपूर भागात वाढलेला ख्रिस्ती आहे. हा प्रश्न मलाही बरीच वर्षे पडलेला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

नास्तिक माणूस नीतिमान असूच शकत नाही, असे जो ख्रिस्ती म्हणतो तो स्वतःच्या शास्त्राविरुद्ध बोलतो. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांना देवाकडून मिळालेल्या आज्ञा, मिळालेच नाही, त्यांच्याही अंतःकरणावर त्या नियमाचे काम लिहिलेले आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला त्या डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्यात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही, नीतीला मात्र सर्वोच्च स्थान आहे. तेव्हा नीतीने कोण वागतो हा वादाचा मुद्दाच नाही. आपल्याला बांधून ठेवणारी ही नीती मुळात काय वस्तू आहे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याबाबत मला जे दिसले ते एका प्रसंगातून दिसले.

तरुणपणी मी एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी होतो. शेतकऱ्याची भरलेली ट्रॉली काट्यावर चढायची, माल खाली झाला की रिकाम्या ट्रॉलीचे वजन करून ते वजा करायचे आणि उरलेल्या वजनाची हिशेबपट्टी करायची, हे माझे काम. एका संध्याकाळी मालकाच्या सांगण्यावरून मी रिकाम्या ट्रॉलीचे वजन चाळीस किलो जास्त लिहिले. समोरच्या म्हाताऱ्या बाबांना वाचता येत नव्हते. त्यांनी पट्टीची नीट चौघडी केली, ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “बरं झालं लेकरा, लवकर मोकळं केलंस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पकडले जाण्याची भीती नव्हती, कारण बाबांना कळणार नव्हते आणि मालक तर खूश होता. नुकसानही माझे झाले नव्हते. जे होते त्याला शरम हाच शब्द आहे, आणि शरम नेहमी कोणाच्या तरी समोर वाटते. गणित चुकले तर माणूस चुकचुकतो, पण गणितापुढे त्याची मान खाली जात नाही. मग अंधाऱ्या खोलीत, जिथे पाहणारे कोणी नव्हते, तिथे माझी मान कोणापुढे खाली गेली होती? जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मपंडिताने १८७० साली हाच धागा धरून लिहिले होते, हे मला फार उशिरा समजले. त्याचे म्हणणे असे की, सदसद्विवेकबुद्धी नुसते बरे-वाईट सांगत नाही, ती आपल्याला जाब विचारते, आणि जाब विचारला जातो तेव्हा तो घेणारा कोणीतरी असतो.

यावर आपण म्हणाल की हे सगळे संस्कार आहेत. मीही तसे म्हणून पाहिले. परंतु संस्कारांच्या विरोधात जाऊन निवाडा देणारी सदसद्विवेकबुद्धी मला लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रात दिसली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईंचे माहेर कमालीच्या कडक सोवळ्याचे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. तरीही पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि तो माणसाने केला असे ठरल्यावर विटाळ टाकून दिला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लहानपणापासून अंगात मुरलेले सोवळे ज्या मोजमापाने खोटे ठरले, ते मोजमाप त्याच सोवळ्याने दिलेले असणे शक्य नाही.

उत्क्रांतीबद्दल थोडक्यात. नैतिक भावना कळपात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये कशी वाढली असेल, हे डार्विनने १८७१ साली मांडले आणि ते मला पटते. पण भावना कशी आली हे कळल्याने ती पाळायलाच हवी का, हे कळत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या काळापासूनचा दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: देव म्हणतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देव तसे म्हणतो? ख्रिस्ती उत्तर असे की चांगुलपणा देवाच्या वरचाही नाही आणि त्याच्या लहरीवरही नाही, तो त्याचा स्वभाव आहे. काहींना ही शब्दांची कसरत वाटते, मला वाटत नाही. आईची माया तिच्या हुकमातून येत नाही आणि बाहेरच्या नियमातूनही येत नाही, तसेच काहीसे हे आहे.

मात्र एक कबूल केले पाहिजे. हा तर्क मला फार तर जाब विचारणाऱ्यापर्यंत आणतो, येशूपर्यंत आणत नाही. तिथून पुढचा आधार निराळा आहे: रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका माणसाविषयी त्याच्या शिष्यांनी दिलेली साक्ष. ती साक्ष मानावी की नाही हा वेगळा विचार आहे, आणि तो मी नैतिक नियमाच्या नावावर खपवणार नाही. पण ती ऐकण्याची गरज मला का वाटली, ते सांगता येते.

नोकरी सोडल्यावर मी त्या चाळीस किलोंचे पैसे घेऊन बाबांच्या गावी गेलो. बाबा वारले होते. सुनेने पैसे मोजून घेतले, कसले म्हणून विचारले, मी सगळे सांगितले, आणि तिने चहा ठेवला. हिशेब फिटला. पण ज्यांनी मला लेकरा म्हटले होते त्यांची क्षमा मागायला आता कोणी नव्हते, आणि ती कोणाकडे मागायची हे शोधतच मी पुन्हा चर्चच्या बाकावर जाऊन बसलो.