पश्चिम कुठे आहे, आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : उघड्यावरचं लग्न आणि फोटो

कॅमेरा कोणता घ्यावा आणि पॅकेज कितीचं असावं, असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत, राग नसावा. ठाणे-नवी मुंबईत उघड्यावर लग्न करायचं तर ऊन, पाऊस आणि उजेड यांचं काय करायचं, एवढंच आज. मी नौपाड्यात राहते, लग्नाचे फोटो काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे मतं ठाम आहेत, ती तशीच वाचावीत.

ताई, मुलीचं लग्न मेच्या मध्यावर आहे, घोडबंदर रोडवरच्या लॉनवर. मुहूर्त दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा. हॉल नकोच असा तिचा हट्ट. आमचे दीर म्हणतात, भर दुपारी फोटो काळे येतील. मुहूर्त बदलावा का?
– वधूची आई, कासारवडवली

मुहूर्त बदलू नका, पण दिरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावर, आणि ठाणं त्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणून मे महिन्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो 12:35 च्या सुमाराला. त्यात 16 मेच्या आसपास तो इतका सरळ डोक्यावर असतो, की उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. थोडक्यात, तुमच्या भटजींनी वर्षातलं सगळ्यात उभं ऊन शोधून काढलंय. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा फटक, आणि मुंडावळ्यांचे पट्टे गालभर.

उपाय कॅमेऱ्यात नाही, मांडवाच्या छतात आहे. डेकोरेटर लाल-पिवळं कापड दाखवेल, ते देखणंही असेल. पण त्यातून गाळून येणारा उजेड लाल-पिवळाच असतो आणि हळद उतरली तरी नवरी पिवळीच दिसते. छत पांढरं किंवा मोतिया रंगाचं, दुहेरी कापडाचं सांगा. त्याला फटी नकोत. नवऱ्याच्या गालावर एक कवडसा पडला की तेवढाच भाग फोटोत पांढरा फटक जळून जातो आणि बाकी चेहरा अंधारात राहतो. बोहल्यावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरू देऊ नका, त्याची हिरवी झाक हनुवटीखाली येते. साधं फिकं जाजम उत्तम. पाठीमागे उन्हात तळपणारं लॉन दिसत असेल तर तिथे कनात लावा, फुलांचा पडदा चालेल. नाहीतर चेहरे बरोबर आले की मागचं सगळं पांढरं, आणि मागचं बरोबर आलं की चेहरे काळे. दिरांनी असेच फोटो कुठेतरी पाहिले असणार.

आता अंतरपाट. हल्ली मखमलीवर नावं भरून आणतात, लालभडक नाहीतर जांभळा. माझं ऐकाल तर साधा पांढरा घ्या. दोघं त्याच्या दोन बाजूंना हातभर अंतरावर उभी असतात, वरून छतातला मऊ उजेड येतो, तो त्या पांढऱ्या कापडावर आपटून दोघांच्या चेहऱ्यावर खालून-समोरून पडतो. डोळ्यांत एक पांढरी चमक येते, ती महागड्या दिव्यानेही तशी येत नाही. मामाने पाठीमागून खांदे धरलेत, नवरी खाली बघतेय, आत्या पाचवं मंगलाष्टक सुरू करतेय. भटजी कंटाळलेले असतात, पण मला हवी तेवढी सवड मिळते. अंतरपाट खाली आला की तो उजेड गेला. म्हणून नवरीचा चेहरा मी त्याआधी घेते, अक्षतांचा पाऊस नंतर.

घरच्यांचे फोटो पंगतीनंतर दोन वाजता लॉनवर काढू नका. इमारतीच्या सावलीत किंवा दाट आंब्याखाली घ्या, तोही पूर्ण सावलीचा हवा, पानांतून ऊन गळतंय असा नको. दोघांचे निवांत फोटो साडेपाचनंतर. मेमध्ये सूर्यास्त सातच्या पुढेच होतो, घाई नाही.

एक राहिलंच. मेच्या उत्तरार्धात वळवाची सर येऊ शकते. 2025 मध्ये तर मोसमी पाऊसच 26 मेला मुंबईत पोचला, नेहमीची तारीख 11 जून असताना. ताडपत्री हाताशी असू द्या, पण निळी नको. निळ्या ताडपत्रीखाली सगळं वऱ्हाड आजारी दिसतं. पांढरी मिळते, मांडववाल्याला आधी सांगून ठेवावी लागते इतकंच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे, गोरज मुहूर्तावर, उपवनच्या बाजूला येऊरच्या पायथ्याशी. पंचांगात सूर्यास्त सहा वाजता दिलाय. फोटोग्राफर म्हणतो, साडेपाच ते सहा सोनेरी ऊन मिळेल. मिळेल का?
– नियोजित वर, वर्तकनगर

नाही मिळणार. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो आणि तुमच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे. सूर्य आधी डोंगराआड जातो. तुम्ही पायथ्याला जितके खेटून, तितका लवकर. लग्नाआधी एखाद्या संध्याकाळी साडेचारला तिथे जाऊन उभे राहा. हात लांब करून सूर्य आणि डोंगरमाथा यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. एका बोटाला साधारण आठ ते दहा मिनिटं. तीन बोटं मावली तर ऊन अजून पंचवीस-तीस मिनिटं आहे. थेट सूर्याकडे टक लावू नका, एवढी काळजी घ्या. डोंगराआड जायची वेळ लिहून ठेवा आणि जोडीचे फोटो त्याच्या तासभर आधी सुरू करा. म्हणजे नवरी चार वाजता तयार हवी, आणि पार्लरवालीला साडेतीनची वेळ सांगायला हवी. ही पार्लरची गोष्ट सगळेच विसरतात.

ऊन गेलं म्हणून उजेड जात नाही. डोंगरामागे सूर्य असताना आकाश उजळ असतं आणि सावली एकसारखी, चेहऱ्यांना ती फार मानवते. पुढे खऱ्या सूर्यास्तानंतरही वीसेक मिनिटं निळसर प्रकाश टिकतो. तुमची मंगलाष्टकं नेमकी त्यात येतील. त्या वेळी डेकोरेटरचे जांभळे-गुलाबी दिवे बंद ठेवायला लावा. पिवळसर साधे बल्ब निळ्या आकाशापुढे सुंदर दिसतात. सनईवाले आले की डीजेवाला आपले फिरते दिवे लावतोच. त्याच्यासाठी एक खमका चुलतभाऊ नेमा.

मुहूर्त समजा आधीचा, साडेपाचच्या आतला असता आणि जागा मोकळी, तर मी वेगळं सांगितलं असतं. बोहल्यावर वधूवरांना बहुतेक भटजी पूर्व-पश्चिम समोरासमोर उभं करतात. कलतं ऊन असेल तर एकाच्या डोळ्यांत सूर्य आणि दुसऱ्याच्या पाठीवर. एक डोळे बारीक करून रडवेला, दुसरा काळा. म्हणून लॉन ठरवताना पहिला प्रश्न पार्किंगचा नसावा. पश्चिम कुठे आहे ते विचारा आणि त्या बाजूला मांडवाची कनात उंच घ्या. दिशा भटजी बदलणार नाहीत, कनात कुणीही बदलेल.

प्री-वेडिंगसाठी आम्ही वाशीला सागर विहारला गेलो. मागे पाणी हवं होतं, आला नुसता चिखल. पुन्हा जायचंय. फ्लेमिंगोही हवेत. कोणता महिना धरावा?
– एक जोडी, कोपरखैरणे

महिना नंतर, आधी तिथी. प्री-वेडिंगला मुहूर्त लागत नाही, पण मी पंचांग उघडते ते भरतीसाठी. खाडीकाठच्या कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. तुम्ही गेलात त्या दिवशी बहुधा पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असणार. तिथे चंद्र बघून जाणारे खूप, भरती बघून जाणारे थोडे.

सप्तमी ते नवमी, शुद्ध असो वा वद्य, यातला एक दिवस घ्या. ही भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, उधाणासारखं पाणी कठड्याला भिडणार नाही, पण चिखल झाकला जातो. समुद्रापेक्षा खाडीत आत भरती जरा उशिरा पोचते, तेवढं धरून चाला. हिशेब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मिळतं, ते पडताळा.

नवी मुंबईची खाडी पश्चिमेला, म्हणून सूर्य पाण्यावर मावळतो. समोर मानखुर्द-ट्रॉम्बेची बाजू. पण पाठीमागे सूर्य घेऊन उभं राहिलात की तुम्ही दोघं नुसत्या काळ्या आकृत्या. असा एक फोटो पुरे. बाकीचे कठड्याच्या बाजूने चालत काढा, ऊन कुशीवरून येऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत धुरकं दाट असतं आणि सूर्याचा लाल गोळा क्षितिजाला टेकायच्या आधीच विरून जातो. तो काही माझ्या हातात नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्यास्तही साडेसहाच्या पुढे सरकतो, ऑफिसमधून अर्धा दिवस पुरतो.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरतीने चिखल झाकला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. म्हणजे चांगल्या पाण्याचा आणि जवळच्या पक्ष्यांचा दिवस एकच, जागा मात्र दोन. एका संध्याकाळी दोन्ही धरू नका. पक्षी मागे हवेत म्हणून टाळ्या वाजवून थवा उडवणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. असा कुणी भेटला तर आगाऊ रक्कम सोडून घरी या. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळालाय, आणि दर्जा नसता तरी हे करायचं नव्हतंच.

जुलैमध्ये आमचं नोंदणी लग्न आहे. नंतर बाहेर फोटो काढायचेत, आई म्हणते पावसात कसले फोटो. येऊर किंवा खारघरचा धबधबा चालेल?
– एक वाचक, डोंबिवली

पावसाळी ढग म्हणजे आकाशभर ताणलेली पांढरी चादर, चेहऱ्यासाठी याहून मऊ उजेड नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. दुपारी बारालाही फोटो काढता येतात, आणि हिरवं तर त्या महिन्यात काही विचारूच नका.

धबधबा मात्र नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला पावसाळ्यात बहुधा बंदीच असते, आणि येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे शूटिंग चालत नाही. ओढ्याचं पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसाने चढतं, तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी. ठाण्यात तलावपाळीला या. मासुंदा तलावाच्या काठचा ओला फरसबंद रस्ता, कौपिनेश्वर मंदिराची कमान, चहाची टपरी. पाऊस वाढला तर आडोसाही जवळ.

छत्री पांढरी किंवा पारदर्शक घ्या. लाल छत्री फोटोत गोड दिसते आणि चेहऱ्यावर लाली ओतते. पैठणी घरी ठेवा, भिजल्यावर तिचं काय होतं ते आईला माहीत आहे. आणि फोटोग्राफरला एसी गाडीतून थेट पावसात उतरवू नका. कॅमेऱ्याच्या गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेने लगेच वाफ धरते आणि पुढची वीस मिनिटं तो नुसता पुसत बसतो. बॅग बंद ठेवून गाडीचा एसी आधीच बंद करावा.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या दिवशी बघा. ठाणे जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड असेल तर दिवस बदला. यलो असेल तर सकाळी पुढच्या तीन तासांचा अंदाज बघून निघा. सरीच्या मध्ये पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात खूप होतं.

ड्रोन घ्यावा का? आणि उन्हाने बिघडलेले फोटो नंतर कॉम्प्युटरवर नीट होतात का?
– वधूपिता, बेलापूर

ड्रोनसाठी आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं लॉन कुठल्या रंगात येतं ते बघा. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर तुमच्या भागात हे आणखी काटेकोर झालंय. रेड किंवा यलो असेल तर परवानगीचा कागद ड्रोनवाल्याने दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

काळे चेहरे थोडे उजळता येतात. पण जे पांढरं फटक जळलं त्यात काही नोंदलेलंच नसतं, तिथे कॉम्प्युटर तरी काय आणणार. शालूचा पदर एकदा जळला की जरीचा एक धागाही परत दिसत नाही. तुमच्या फोटोग्राफरला विचारा, तो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं तसंच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढतो का. हो म्हणाला तर थोडी सूट मिळते. काय म्हणजे, असं त्याने उलट विचारलं तर दुसरा बघा.