मंजुरीआधी डिझाइनला किती वेळ धरावा?

प्रश्न : प्लॉट घेतला आहे. मनाजोगतं घर बांधायचं आहे. नकाशे मंजुरीसाठी दाखल करेपर्यंत किती महिने जातील?

उत्तर : साध्या सपाट जागेसाठी ३ ते ६ महिने धरा, उतार असेल तर आणखी. सुरुवात मोजणी आणि माती परीक्षणाने करा, यात २ ते ४ आठवडे जातात. हेच काम लोक पुढे ढकलतात आणि तिथेच घोळ होतो. जमिनीच्या पातळ्या उशिरा कळल्या की जोत्याची उंची बदलते, मग पायऱ्या, गाडीचा उतार, सांडपाण्याचा ढाळ सगळंच पुन्हा काढावं लागतं.

प्राथमिक आराखड्याला महिना-दीड महिना लागतो. या टप्प्यावर हवे तितके बदल करा, कागदावर पलंग, कपाटं, दारांची उघडझाप मापाने काढून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे नकाशा गेल्यावर मात्र जिना किंवा बाथरूम हलवू नका. कॉलम-बीम सरकतात आणि ३-४ आठवड्यांचं गणित नव्याने मांडावं लागतं.

सर्वाधिक वेळ खरं तर घरच्यांच्या निर्णयाला लागतो. खोल्या, बजेट आणि सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा) पहिल्या बैठकीआधीच लिहून ठेवा.